दुधना

सेलूहून पहिल्या एसटीनं आणली पाव लादी बर्फ,
पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळून.
कंडक्टर म्हणाला, "बाई, लग्न कुणाचंय?"
म्हटलं, सातवीचा धडा आहे. हिमनदी.
त्यानं हसत सामानाचं तिकीट फाडलं.

एप्रिलातली सकाळची शाळा.
शाळेमागच्या काळ्या खडकावर लादी तिरकी ठेवली,
उतारावर राख, रेती, खडे,
आणि नौशादच्या बापाच्या गिरणीतलं ओंजळभर पीठ,
कारण दगडाचं पीठ कुठून आणणार.
खडूनं फरशीवर लिहिलं:
हिमगव्हर. हिमोढ. लोंबती दरी.
'लोंबती'ला पोरं हसली. हसू दिलं.

सांगितलं, ती नदी उगमाशी नदी नसतेच,
नुसतं वजन असते.
वर्षावर वर्ष पडतं, दबतं,
खालचं निळं पडत जातं
आणि एक दिवस सगळंच सरकायला लागतं,
दिवसाला वीतभर, फार तर हात.
पोटात दगड, बुडाखाली दगड,
भरडत, दळत.
"जात्यासारखं?" मंजुळा.
जात्यासारखं. फक्त वैरण घालायला कुणी नाही,
आणि ओवी नाही.

तेवढ्यात लादीखालून पहिली धार निघाली.
राख गेली, खडे जागेवर,
पीठ खाली जाऊन पसरलं पंख्यासारखं,
अगदी आकृतीत आहे तसं.
मलाच टाळी वाजवावीशी वाटली.

कोंडिबा बराच वेळ गप्प. मग,
"बाई, ती बी उन्हाळ्यात आटत आसंल की."
नाही रे. उन्हाळ्यात फुगते.
"कामून?"
ऊन जेवढं तापेल तेवढं बर्फ वितळतं. दुपारनंतर पाणी चढतं,
पहाटे उतरतं. म्हणून तिकडची माणसं
पहाटेच नदी ओलांडून घेतात.

तेवीस पोरांनी एकदम सूर्याकडे पाहिलं
आणि डोळे मिटले.
कोंडिबाचा बाप टँकरवर आहे,
उन्हाच्या चढावर त्याच्या खेपा मोजतो.
तो म्हणाला, "मंग तिथं उनाला
कुणी शिव्या देत नसंल."

पाण्याचा रंग विचारला नौशादनं. निळा ना?
नाही. दळलेला दगड मिसळतो त्यात.
पांढुरकं असतं. गढूळ.
"ताकासारखं?"
म्हटलं, दुधासारखं म्हण.

सगळ्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं.
तिथं आपली ती: रेतीचे खड्डे, वेडी बाभूळ,
मोटारीचा गंजका पाइप आभाळाकडे तोंड करून.
"मंग खरी दुधना तीच," मंजुळा म्हणाली.
"आपलीला हे नाव कुणी देलं?"

ठाऊक नव्हतं. धडा सोडून बोलले.
म्हटलं, आपल्याकडेही एकदा वाहत आलं होतं काहीतरी,
बर्फ नव्हे, विस्तव,
थरावर थर, पार क्षितिजापर्यंत,
आणि थिजलं. लादी ज्यावर ठेवली
तोच हा दगड.
त्याला भेगा आहेत. भेगांत झिरपतं पाणी.
त्याच पाण्यावर आपल्या विहिरी.
पोरांनी खडकाला हात लावून पाहिला.
तो आता तापला होता,
लादीखालची जागा सोडून.

तिकडचे बर्फही मागे हटतायत म्हणे, वर्षाला काही पावलं.
हे सांगायचं राहिलं. सांगावं लागलं नाही.
लादी साबणाच्या वडीएवढी झाली होती
आणि जिथं तिची कड होती सकाळी
तिथं खड्यांची एक वाकडी ओळ उरली होती.
हिमोढ, मी बोट ठेवलं. कुणी लिहून घेतलं नाही.
नौशादनं उरलेली वडी तोंडात टाकली.
मी हजेरी शोधत असल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी लवकर गेले.
पिठाच्या पंख्याला मुंग्या लागल्या होत्या.
कण कण उचलून
त्या चढावर चालल्या होत्या, ओळीनं,
खड्यांच्या रांगेवरून,
जिथं कालपर्यंत उगम होता तिकडे.